घोड्याचं मागचं अंग

"हे उलटं लावलंयस तू," हेरवाडकर सर म्हणाले. चप्पल काढायच्या आधीच म्हणाले.

मी शिडीवर होतो. तोंडात दोन खिळे. खाली उतरलो, खिळे काढून खिशात टाकले आणि म्हटलं, "सर, बरोबर आहे. जपानी चित्रं उजवीकडून बघतात."

"कोण बघतं?"

"जपानी लोक."

"आणि आज बघायला कोण येणार आहे? इचलकरंजीचे लोक."

"हिरानो साहेब पण येणारेत की."

"ते एकच आहेत," सर म्हणाले.

मग त्यांनी झोळीतून पुस्तिका काढली. गुळगुळीत कागद, चोवीस पानं, वर नाव: 'अर्धा अश्व, पूर्ण शून्य'. खाली: प्रा. डॉ. वसंत हेरवाडकर, कलासमीक्षक. पाचशे प्रती छापून आल्या होत्या. गठ्ठे दारातच पडलेले.

"पान सात उघड," सर म्हणाले. "त्याप्रमाणं लाव."

ती तीन चित्रं काय होती ते सांगतो. भूपालअण्णा चौगुले, म्हणजे ज्यांचे अडीचशे यंत्रमाग आहेत ते, त्यांचे वडील पंच्याऐंशी सालाच्या आसपास जपानला माग बघायला गेले होते. तिथल्या कंपनीवाल्यांनी निघताना ही भेट दिली. सामुराईंची लढाई, तीन कागदांवर मिळून एक. लाकडाच्या ठशांनी छापलेली, दीडशे वर्षं जुनी. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि केसाएवढ्या रेघा. थोरल्या अण्णांनी ती पत्र्याच्या नळीत घालून कपाटावर ठेवली आणि वारले. तीस वर्षांनी हिरानो साहेब नवीन माग विकायला इचलकरंजीत येणार असं ठरलं, तेव्हा धाकट्या अण्णांना एकदम कलेची आठवण झाली. ऑफिसच्या वरचा मजला रंगवून घेतला, दिवे लावले, आणि त्याला 'कलादालन' म्हणायला लागले. तोपर्यंत तिथं सुताचे कोन ठेवत होते.

उजव्या कागदावर एक सैन्य डावीकडं धावत सुटलंय. मधल्यात लाकडी पूल, आणि पुलावर काळा घोडा. घोड्याचं तोंड, मान, पुढचे पाय मधल्या कागदात. मागचं अंग आणि शेपटी उजव्या कागदात. डाव्या कागदात शत्रू, उजवीकडं बाण रोखून. तिन्ही नीट लावले की कसं, घोडा अख्खा होतो आणि दोन्ही सैन्यं पुलावर भिडतात.

कागदांच्या मागं कुणीतरी पेन्सिलीनं एक, दोन, तीन लिहिलं होतं. उजवीकडून. सरांनी अण्णांच्या डायनिंग टेबलावर ते डावीकडून मांडले, मोबाईलवर फोटो काढला आणि घरी जाऊन पुस्तिका लिहिली.

आता अशा मांडणीत काय होतं बघा. दोन्ही सैन्यं एकमेकांकडं पाठ करून भिंतीबाहेर पळत सुटतात. मधल्या चित्रात नुसतं घोड्याचं मुंडकं. आणि मागचं अंग? ते पार डाव्या टोकाला, अख्खा पूल सोडून, एकटंच.

दुसऱ्या कुणाला शंका आली असती. सरांना दर्शन झालं. पान नऊ: 'अश्वाचे शरीर आणि अश्वाचे मन यांतील हे अंतर म्हणजेच पूर्वेचे शून्य होय. येथे योद्धा शत्रूकडे पाठ फिरवतो, कारण खरा शत्रू चित्राच्या बाहेर आहे.'

"सर," मी म्हटलं, "पण घोडं जुळत नाही."

"जुळत नाही हेच तर लिहिलंय चोवीस पानं."

मी गप्प बसलो. का, ते सांगतो.

सरांच्या झोळीत एक पत्र होतं. मीच टाईप करून दिलेलं. बडोद्याला लाकडी ठशांवर छपाई शिकवणारी एक कार्यशाळा होती, सहा महिने, राहायची सोय. पदवी नसेल तर मान्यवर समीक्षकाचं शिफारसपत्र लागायचं. माझ्याकडं पदवी नव्हती. बारावीला दोनदा आपटलो आणि मग फ्रेमच्या दुकानात. ठसे कोरायला मी मोबाईलवर बघून शिकलो. छत्रीच्या काड्या घासून पटाशी केली, कागद चमच्याच्या पाठीनं दाबून छापले. आणि मान्यवर म्हणाल तर अख्ख्या पंचक्रोशीत माझ्या ओळखीचे एकच. तो शनिवार होता, आणि दुपारच्या कुरिअरनं पत्र गेलं नाही तर जागा जाणार होती.

"कार्यक्रम झाला की सही करतो," सर म्हणाले होते. आठवडाभर तेच म्हणत होते.

मी शिडी डावीकडं सरकवली. घोड्याचं मागचं अंग उचललं आणि नेऊन टोकाला टांगलं.

सरांनी लांबून बघितलं, डोळे मिटले. "आहा," म्हणाले. "आता श्वास घेतंय."

शेजारच्या छोट्या भिंतीवर माझे नऊ ठसे होते, अण्णांनी मेहरबानी म्हणून लावू दिलेले. शेडमधली माणसं, माग, आडवं सूत नेणारे धोटे. सरांनी त्यांच्यावरनं नजर फिरवली आणि म्हणाले, "हस्तकला चांगली आहे. कला व्हायला वेळ लागेल."

"किती, सर?"

"आधी घोटाळा व्हावा लागतो आतमध्ये."

आत घोटाळा झालाच होता. बाहेर पण.

साडेदहाला आबा आले. माझे वडील. आमचं आडनाव सुतार, पण आबा जन्मभर मागावर. पस्तीस वर्षं, त्यातली बावीस चौगुल्यांच्याच शेडात. कान त्यात गेले. अगदी ठार बहिरे नाहीत, पण कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच ऐकू यायचं. शेडातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांचं तसं. तिथं इतका खडखडाट असतो की कुणी कुणाशी आवाजानं बोलतच नाही. ओठ बघून बोलतात. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला ओठ हलवून शिव्या घालतो आणि त्याला पोचतात. आमच्या घरीपण जेवताना आबांकडं तोंड करून बसायचं, एवढाच नियम.

आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आधी माझ्या नऊ ठशांसमोर उभे राहिले. मग मोठ्यांदा, कारण स्वतःचा आवाज त्यांना कळायचा नाही, म्हणाले, "त्यो कोपऱ्यातला मीच हाय न्हवं?"

"होय."

"पोट कमी केलंस. बरं केलंस." मग ते मोठ्या भिंतीकडं वळले. बराच वेळ बघितलं. "दिग्या, ह्या घोड्याचं ढुंगाण तिकडं का गेलंय?"

अख्ख्या दालनानं वळून बघितलं.

"आबा, गप," मी ओठ हलवले. "तसंच असतंय."

"घोड्याचं?"

"कलेचं."

"मग ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले आणि मागं पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन उभे राहिले.

अकराला हिरानो साहेब आले. साठीचा बारका माणूस, राखाडी सूट, गळ्यात अण्णांनी घातलेला गुलाबाचा हार. साठसत्तर लोक जमले होते. मागवाले, सूतवाले, दोन नगरसेवक, एका कॉलेजातली पोरं हजेरीसाठी आणलेली. प्रत्येकाच्या हातात पुस्तिका.

साहेब चित्रांपुढं उभे राहिले. मान डावीकडं कलती केली. मग उजवीकडं. मग पुस्तिका उघडून पान सात बघितलं, परत भिंत बघितली. शेवटी म्हणाले, "व्हेरी... रेअर."

"रेअर म्हणाले!" अण्णांनी सगळ्यांना सांगितलं. टाळ्या झाल्या.

"आर्रेंजमेंट," साहेब हळूच म्हणाले, "ऑल्सो रेअर."

अजून टाळ्या.

सर माईकवर गेले. वीस मिनिटं बोलले. शून्य, पाठ, अंतर. एक वाक्य मला अजून पाठ आहे: "ज्याला घोड्याचं मागचं अंग दिसत नाही, त्यालाच घोडा दिसतो." कॉलेजच्या पोरांनी लिहून घेतलं. दोन नगरसेवकांपैकी एकानं मान डोलावली, दुसऱ्याला डुलकी लागली होती, त्याचीपण मान डोललीच.

मग चहा. लोक पांगले. सर आणि अण्णा पार पलीकडच्या खिडकीत जाऊन उभे राहिले, कप हातात, डोकी जवळ. मी पिंपाजवळ आबांना चहा द्यायला गेलो तर आबा चहा घेईनात. खिडकीकडं बघत होते.

"काय बघालाय?" मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं.

"मधनं सरक."

"काय बोलाल्यात?"

"मास्तरचं कळंना. दाढीच्या जंगलात ओठ गावंनात." आबांनी डोळे बारीक केले. "अण्णाचं दिसतंय. अण्णाचं तोंड मी बावीस वर्सं वाचलंय, पगार वाढवणार न्हाई म्हणताना लई सावकाश बोलतंय."

आणि आबा एकेक वाक्य बोलायला लागले. अण्णांचं, अण्णांच्याच हेलात. आवाज दाबून, म्हणजे त्यांच्या मते दाबून. चहाच्या गलबल्यात खपून गेला तेवढंच.

"'म्हंजे खरंच उलटं लागलंय?'"

मग मास्तरची दाढी हलली.

"'तुमाला कवा कळलं?'"

दाढी.

"'छापून आल्यावर? आणि मला आता सांगताय व्हय?'"

दाढी. बराच वेळ.

"'आणि पाव्हण्यानं इचारलं तर?'"

दाढी. दोन शब्द असावेत.

"'दिगंबरचं नाव सांगायचं? पोरगा काय म्हणंल?'"

दाढी हसली. झोळीवर हात आपटला, पत्र होतं तिथं.

"'बरं,'" आबा म्हणाले, आणि थांबले. मग अण्णांचा आवाज सोडून स्वतःच्या आवाजात म्हणाले, "तुझं नाव कशाला सांगाल्यात?"

माझ्या कानात शेड सुरू झाल्यासारखं झालं. सकाळी मी शिडीवरनं सांगितलं होतं. बरोबर लावलं होतं. यांना तेव्हाच माहीत होतं आणि तरी मला 'पान सात उघड' म्हणाले. आणि चूक कोण तर फ्रेमवाला. बारावी नापास.

"तू बरोबर लावलं हुतंस?" आबांनी विचारलं.

"होय."

"मग बरोबर लाव जा."

एवढंच म्हणाले. चहा घेतला आणि बशीत ओतायला लागले.

मी शिडी आणली. लोकांच्या मधनंच आणली, एका मागवाल्याच्या पायावर ठेवली. तो ओरडला म्हणून सगळे बघायला लागले. डावी फ्रेम काढली, खाली टेकवली. उजवी काढली, डावीकडं नेली. मग डावीची उजवीकडं. तीन मिनिटं लागली असतील. सरांनी कप खिडकीत ठेवला.

मी खाली उतरलो आणि बाजूला झालो.

घोडा अख्खा झाला होता. पुलावर दोन्ही सैन्यं समोरासमोर आली होती, भाले भाल्यांत घुसले होते, बाण आता कुणाला तरी लागणार होते. इतका वेळ जे निवांत पळत होते ते लढायला लागले. कॉलेजातली एक पोरगी "अय्या" म्हणाली.

हिरानो साहेबांनी मोठा श्वास सोडला. मी शपथेवर सांगतो, त्या माणसाचे खांदे खाली आले. "आह," ते म्हणाले. "नाऊ, हॉर्स." आणि माझ्याकडं वळून कमरेत वाकले. मला. मी पण वाकलो, घाईत जरा जास्तच.

मागनं आबांचा आवाज आला, "माझा पोरगा हाय त्यो!"

मला वाटलं, संपलं. पत्र गेलं, बडोदा गेलं, पण निदान हे झालं. सरांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दोन सेकंद. मोजून दोन.

मग ते माईककडं गेले.

"मित्रहो," सर म्हणाले, आणि आवाज असा की मंदिरात घंटा. "आत्ता आपण जे पाहिलं, ते आपल्याला अपघात वाटलं?"

लोक पुस्तिका चाळायला लागले.

"आधी शून्य. मग पूर्ण. आधी विरह, मग भेट! मी वीस मिनिटं शून्यावर बोललो, का? कारण शून्य अनुभवल्याशिवाय पूर्णत्व कळत नाही. हे पुस्तकात छापता येत नाही, मित्रहो. हे घडवावं लागतं. म्हणून मी आणि हा माझा तरुण कलावंत शिष्य, आम्ही दोघांनी मिळून हे आज तुमच्यासमोर घडवलं!"

टाळ्या. अहो, काय टाळ्या. झोपलेला नगरसेवक उठून उभा राहिला. अण्णांनी तर माझ्या पाठीवर असा हात मारला की मी पुढंच गेलो. पुढं म्हणजे सरांसमोर.

सरांनी झोळीतनं पत्र काढलं. माईकच्या स्टँडवर टेकवलं, पेन काढलं, टोपण काढलं. पेनाचं टोक कागदावर ठेवलं आणि थांबले. माईकमधनंच म्हणाले, "ठरल्याप्रमाणंच झालं ना रे सगळं, दिगंबर?"

साठसत्तर लोक. हिरानो साहेब हसऱ्या चेहऱ्यानं बघतायत, त्यांना मराठी येत नाही. आबा पिंपाजवळ टाचा उंच करून उभे, डोळे माझ्या तोंडावर. त्यांना सरांचं काहीच कळलेलं नव्हतं, दाढीमुळं. त्यांना एवढंच दिसत होतं की पोरानं खरं करून दाखवलं आणि लोक टाळ्या वाजवतायत.

मी नाक खाजवल्यासारखं केलं. अख्खा पंजा तोंडावर आला.

"हो सर," मी म्हटलं.

सरांनी सही केली. झोकदार, खाली दोन टिंबं.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. बडोद्याला गेलो मी. तिथं पत्र कुणी वाचलंसुद्धा नाही, कारकुनानं सही आहे का तेवढं बघितलं आणि पंच मारून फायलीला लावलं. आज मी ठशांवर जगतो, बरं चाललंय. 'अर्धा अश्व, पूर्ण शून्य'ची पुढं दुसरी आवृत्ती निघाली, बत्तीस पानांची. जादाच्या आठ पानांत तो शनिवार आहे. माझं नाव 'सहकलावंत' म्हणून छापलंय. अण्णांनी नवीन माग घेतले नाहीत ते नाहीतच, पण लोकांना ते अजून स्वतःच्या तोंडानं सांगतात की कलादालनातली युक्ती मूळ त्यांची.

पण त्या दिवशी जिन्यात आबांनी माझा दंड धरला. उजेडात माझं तोंड फिरवलं.

"सही केली त्यानं?"

मी मान हलवली.

"तू असं तोंडावर मारलंस, तरी केली?"

परत मान हलवली. मानेला ओठ नसतात.

"मग मास्तर माणूस बरा हाय," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा आधी बघितला नव्हता. लग्नात नवऱ्यामुलाच्या बापाचा असतो तसा. "मला वाटलं हुतं आता पोराचं गेलं. म्या सांगितलं म्हणून गेलं. पण खरं केल्यावर पण मिळतंय म्हणायचं." खाली वॉचमन होता, त्यालापण थांबवून सांगितलं. "माझ्या पोरानं अण्णाच्या म्होरं, साहेबाच्या म्होरं, चूक दाखवली. आणि वर सही आणली!"

वॉचमन म्हणाला, "वा."

कुरिअरचं ऑफिस साडेबाराला गाठलं. पत्र दिलं, पावती खिशात घातली. मग आबांना मागं बसवून घराकडं निघालो.

मोटारसायकलवर मागं बसलेल्या माणसाला चालवणाऱ्याचं तोंड दिसत नाही. आणि आबांना ऐकू येत नाही. शहापूरच्या रस्त्याला लागलो आणि माझं तोंड आपोआप सुटलं. सगळं बोललो. सर माईकवर काय म्हणाले ते. त्यांनी काय विचारलं ते. मी काय म्हटलं ते. "आबा, मी हो म्हटलं. ठरलेलं होतं म्हटलं. तुम्हाला दिसू नये म्हणून तोंडावर हात धरला." दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, टेम्पो, हॉर्न. मी मोठमोठ्यानं बोलत होतो, आणि बोलता बोलता मला इतकं हलकं वाटायला लागलं की मी परत पहिल्यापासनं सुरू केलं.

माझ्या गाडीचा उजवा आरसा कधीच फुटला होता. डावा होता.

खांद्यावर आबांचा हात पडला. मी आरशात बघितलं तर आरशात आबांचे डोळे होते, आणि ते माझ्या डोळ्यांकडं बघत नव्हते. खाली बघत होते. तोंडाकडं.

"आरसा हलालाय," आबा म्हणाले. "अर्धंच कळलं. गाडी बाजूला घे. आणि माझ्याकडं बघून परत सांग."

मी डावा हात हँडलवरनं सोडला आणि आरसा वर आभाळाकडं फिरवला.